शमूचा टॅब आणि माझा शांत प्लॅन

२ जून, सोमवार
प्लॅन आज फायनल. शमू, म्हणजे माझी मुलगी शाल्मली, वय सात. शाळेतून आली की जेवणापर्यंत टॅबला चिकटते. टॅब तिच्या आईचा, आसावरीचा. आसावरीला जाऊन आठ महिने झाले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सगळीच मुलं चिकटतात.
पद्धत: हिसकावायचं नाही, ओरडायचं नाही. दहा मिनिटं आधी सांगायचं, मग पाच, मग दोघांनी मिळून बंद करायचा. ऑफिसात चाळीस माणसांची टीम नव्या सिस्टिमवर नेली मी. एक पोरगी काय अवघड.

४ जून, बुधवार. घरून काम.
दहाची सूचना वेळेवर. पाचची राहिली, क्लायंटचा कॉल लांबला. एकदम जाऊन टॅब घेतला. शमू रडली नाही, नुसती बघत राहिली. यालाच शांतपणा म्हणतात.
हॉलमधून सारखा एक बाईचा आवाज येतो. कार्टूनचं मराठी डबिंग हल्ली फार हुबेहूब करतात. आवाज अडवणारे हेडफोन मागवले.

६ जून, शुक्रवार
शेजारच्या महानंदाअक्का मूळच्या बेळगावकडच्या. मी ऑफिसला गेलो की शमू त्यांच्याकडे असते. त्यांनी लिफ्टपाशी थांबवून सांगितलं, पोरगी कार्टून बघतच नाही. चाळीस सेकंदांचा एकच व्हिडिओ. आसावरी तिची वेणी घालतेय. तोच पुन्हा पुन्हा.
"तुम्ही पण बसा की तिच्याजवळ," अक्का म्हणाल्या, "स्वल्प वेळ."
त्यांच्याच कन्नडात 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून निघालो. बसायला माझी काही हरकत नाही. फक्त या आठवड्यात डिलिव्हरी आहे.

९ जून, सोमवार. घरून काम.
हेडफोन आले. उत्तम क्वालिटी. तरी आवाज येतोय. शमू अक्कांकडे खेळायला गेली होती, टॅब कपाटात, बंद. पंख्याचं बेअरिंग गेलं असणार. इलेक्ट्रिशियन बोलावला. पंखा ठीक आहे म्हणाला. त्याला कामातलं फारसं कळत नाही.

११ जून, बुधवार
मुलाने एकाच गोष्टीत अडकून पडणं बरं नाही. तिच्या दृष्टीने सांगतोय. ती शाळेत असताना टॅब पूर्ण रीसेट केला. फ्रेश स्टार्ट. व्हिडिओ क्लाऊडवर आहेच, मोठी झाली की दाखवू.

१२ जून, गुरुवार
शमूने टॅब उघडला, बोट फिरवत राहिली, मग बंद केला. आपणहून! एकही सूचना न देता! नंतर चित्रांची वही काढून बसली. प्लॅन यशस्वी. इथेच बंगळुरात, येलहंक्याला राहणाऱ्या माझ्या मित्राला, दयानंदला, सगळ्या स्टेप्स पाठवल्या, त्याचाही मुलगा असाच आहे.
आवाजही गेला. घर इतकं शांत, की फ्रिज ऐकू येतो.

१४ जून, शनिवार
शमू दोन दिवस हो-नाही एवढंच बोलते. वहीत चित्र एकही नाही.
क्लाऊड उघडला. सहज, खात्रीसाठी. आसावरीच्या अकाउंटचं स्टोरेज गेल्या ऑगस्टमध्येच भरलेलं. बॅकअप तिथे थांबला. व्हिडिओ सप्टेंबरचा.
सगळे फोल्डर चार वेळा पाहिले. काहीतरी टेक्निकल असेल. निघेल.

१६ जून, सोमवार
सुट्टी घेतली. के. आर. पुरमला दोन दुकानं, व्हाइटफील्डला एक. रीसेटनंतर काही निघत नाही, असं तिघंही म्हणाले. तिसऱ्याने विचारलं, घरचे फोटो होते का सर. ऑफिसचा डेटा आहे, म्हटलं.

१७ जून, मंगळवार
संध्याकाळी शमूला सांगितलं. तीन मुद्दे काढून ठेवले होते. पहिल्यालाच अडलो. मी पुसलं, एवढंच म्हणता आलं.
ती बराच वेळ चटईची कड ओढत बसली. मग म्हणाली, "माहितीय. मी शोधलं होतं."
आई त्यात काय म्हणायची, मी विचारलं. तो व्हिडिओ मी कधी पाहिलाच नव्हता. पाहणार होतो.
"हलू नकोस गं चिमणे, भांग वाकडा पडतोय."
फणी आणून ती माझ्यापुढे पाठ करून बसली आणि मला तसं म्हणायला लावलं. असं नाही, म्हणाली. 'चिमणे' जरा लांबवायचं. पुन्हा म्हटलं. तेही नाही. अकरा वेळा झालं. वेणी दर वेळी सुटत होती.
शेवटी ती वळली. "बाबा, तू रडतोस ना, म्हणून आईसारखं येत नाही."
सर्दी झालीय, म्हटलं.
तिने उठून रुमाल आणून दिला.