समजावणाऱ्यांची खुर्ची

अथ सर्वप्रथम नोंद व्हावी की, आमच्या चर्चच्या तिसऱ्या बाकाचा वर आलेला खिळा माझ्या तीन विजारी फाडून अद्याप सेवेत आहे. कमिटीकडे अर्ज केले; कमिटीने प्रार्थना केली. सबब माझी हातोडी मी कमिटीला देत आहे. प्रार्थना आटोपल्यावर ती वापरावी.

आता मुद्द्याचं. मी, शाळेत संस्कृत शिकवणारा आणि सुट्टीत सुतारकाम करणारा, वय वर्षं त्रेपन्न, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. यकृत कामातून गेलं आहे. डोकं शाबूत आहे. थोरल्या बंधूंचं मत वेगळं आहे, पण ते पूर्वीपासूनच आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क, हिस्सा वा सल्ला चालणार नाही.

२. पुढच्या खोलीतली हातांची खुर्ची शेजारच्या विमा एजंटांना. आमचा मुलगा सतराव्या वर्षी तापाने गेला, तेव्हा माणसं शास्त्रवचनं घेऊन आली. हे गृहस्थ, ज्यांच्या तोंडाला एरवी झाकण नाही, दुपारभर त्या खुर्चीत बसले आणि चकार शब्द बोलले नाहीत. उठताना हिला म्हणाले, "वहिनी, उद्या पण येतो." आले.

३. तिच्या शेजारची दुसरी खुर्ची बंधूंना. तिचे पुढचे पाय मी मुद्दाम आखूड केले आहेत. बसणारा हळूहळू घसरतो आणि उपदेश आवरता घेतो. मुलाच्या शवपेटीजवळ उभे राहून बंधू म्हणाले होते, "घरात काही पाप असल्याशिवाय देव असं करत नाही."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही देवाचे वकील कधी झालात? वकीलपत्र दाखवा."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. खुर्ची त्यांच्या मालकीची, पण राहील आमच्या घरात. हिला भेटायला आले की त्यांनी त्या खुर्चीतच बसावं.

४. माझ्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी 'देवाची योजना' हा विषय काढू नये. बायबलमधला तो राखेत बसलेला माणूस, ज्याची मुलं गेली, अंगभर फोड आले, त्याची कथा वाचावी. आणि पूर्ण वाचावी. त्याचे मित्र आठवडाभर गप्प बसले, तोवर मित्र होते. मग तोंड उघडून त्याचं पाप शोधू लागले. तो मात्र देवावर ओरडला, जाब मागितला. शेवटी देव वादळातून बोलला. कारण सांगितलं नाही, पण स्वतः आला. आणि संतापला कोणावर? आपली बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर! "माझ्याविषयी खरं बोलला तो हा ओरडणारा," असं देव म्हणाला. खोटी वकिली न खपणारा हा देव मला मान्य आहे. त्या माणसाला पुढे दुसरी मुलं झाली म्हणे. पहिल्यांचं काय, हे मी समक्ष विचारणार आहे.

ही म्हणते, "देवाशी असं बोलतात का? त्याने ऐकलं म्हणजे?"

अगं, ऐकावं म्हणूनच तर मोठ्याने बोलतो.

५. रंधा, करवत, पटाशा आणि जाड संस्कृत कोश शाळेला. कोश कोणी उघडणार नाही. पण वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला लावायला बरा आहे.

हे दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या आणि मी त्यांच्यादेखत. विमा एजंट खुर्चीचे वारस, म्हणून साक्षीला चालत नाहीत. हे त्यांनी मला चहा पार गार होईपर्यंत समजावलं.

साक्षीदार: (१) घरचे डॉक्टर, सही. (२) शाळेचे चित्रकला शिक्षक, सही.

स्थळ: पुढची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार.

(सही)

ता. क. सह्यांनंतरचा मजकूर कायदा धरत नाही, म्हणून इथे लिहितो. मुलगा गेल्यापासून हिने देवाजवळ एकदाही तक्रार केलेली नाही. दोघांच्या वाटचं मीच भांडत आलो. मी गेल्यावर दादा येतील, पुन्हा तेच पापाचं सांगतील, आणि मग तिला ते खरं वाटेल, याची मला भीती वाटते.