साहेबांनी न घेतलेलं पाणी

मंगळवार, मे १९७९

पाणी मंडळाचे साहेब आज थकबाकी मागायला आमच्या पालिकेत आले. शिपायाच्या सवयीने मी आधी पाण्याचा पेला पुढे केला. ते हसले. "हेही आमचंच, तेही उधारीवर!" पेल्याला हात लावला नाही.

आमचे अधिकारी तडकले. "सार्वजनिक नळांचे पैसे आम्ही का भरायचे?"

"मग सोमवारपासून सातपूरचे नळ बंद."

मला दोघांचंही पटत होतं, हाच तर वैताग! पण यांचं भांडण मिटेपर्यंत सातपुरातल्या आमच्या वस्तीने काय करायचं? तो भरलेला पेला संध्याकाळपर्यंत टेबलावरच. ओतून टाकवेना.

घरी आलो. त्याच सार्वजनिक नळावर रांगेत उभं राहून भरलेल्या कळशीतलं पाणी बायकोने पुढे केलं. "आधी पाणी घ्या, मग सांगा काय झालं."

पाणी घेतलं. सांगितलं मात्र नाही.