धुळीला हात लावायचा नाही

ती. भाऊजींना,

नमस्कार. तुमचा खोकला कमी झाला असेल आणि जाऊबाईंचा राग कमी झाला नसेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. जेवते, झोपते, ऑफिसला जाते. (फोनवर तुम्ही रोज हेच तीन प्रश्न विचारता, म्हणून आधीच उत्तरं दिली.) फोनवर मला बोलायला जमत नाही, तुम्ही बोलत असताना तर मुळीच नाही. म्हणून पत्र.

तुमचं म्हणणं असं की ह्यांची दुर्बीण धूळ खात पडली आहे, तर रविवारी तुम्ही गिऱ्हाईक घेऊन येता. धूळ खात पडली आहे हे खरं. मला तीच धूळ हवी आहे. नीट सांगते, कारण भेटायला आलेल्या माणसांसमोर मी जाऊबाईंवर ओरडले तेव्हापासून, धाकटीचं दुःखानं डोकं फिरलं, अशी बातमी घराघरांत गेली आहे. डोकं जागेवर आहे. जाऊबाई ओलं फडकं घेऊन दुर्बिणीचा कॅमेरा फिरवून काढायला निघाल्या होत्या. दुसरं काय करणार? (इतक्या वर्षांत माझा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मीही नव्हता. बरा आहे.)

कॅमेऱ्याच्या आत धुळीचे कण बसतात आणि आकाशाच्या फोटोत बांगड्यांसारखे करडे डाग होऊन उमटतात. त्यावर उपाय असा, की कॅमेरा तसूभरही न हलवता एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो घ्यायचे. म्हणजे नुसत्या धुळीचेच फोटो. मग कॉम्प्युटर तेवढे डाग अचूक काढून टाकतो. पण धूळ तीच हवी. ह्यांनी त्या शेवटच्या रात्री आपल्या आकाशगंगेसारख्याच एका दूरच्या दीर्घिकेचे सगळे फोटो घेतले, दुर्बीण कॅमेऱ्यासकट गच्चीवरून उचलून खोलीत आणली आणि म्हणाले, उजेडाचे फोटो उद्या घेतो. उद्याचा दिवस दवाखान्यात उजाडला. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा ही धूळ ह्यांच्या वेळची आहे, आणि ती पुसून मिळणारा स्वच्छपणा मला नको. (घरातली बाकीची धूळ मी पुसते, हे जाऊबाईंच्या कानावर घालावं.)

तर उजेड हवा होता. आधी मी स्टीलच्या ताटात दिव्यांची पट्टी गोल चिकटवून वर बटर पेपर ताणला. मधे अंधार आणि कडेला लखलखाट. मग बटर पेपरनं पेट घ्यायच्या आधी मीच वायर उपटली. शेवटी दुकानांच्या दिव्याच्या पाट्या करणाऱ्याकडे गेले आणि दुधी प्लॅस्टिकची एक चौकोनी पेटी सांगितली. त्यानं पेन्सिल कानावरून काढली.

“नाव काय टाकायचं, ताई?”

“काही नाही.”

“बरं, फोन नंबर?”

“तोही नाही. कोरी पाटी.”

“अहो, मग गिऱ्हाईक येणार कसं?”

“येऊ नये म्हणूनच करतेय,” मी म्हटलं. त्यावर तो जरा मागे सरकला आणि उद्या न्या म्हणाला.

पेटी सुरेख केली, पण माया म्हणून त्यानं उजेड कमी-जास्त करायचं बटण फुकट बसवून दिलं. त्या बटणानं फोटोत झेब्र्यासारखे पट्टे आले. बटण काढलं तर उजेड इतका, की फोटोत नुसतं पांढरं फटफटीत. मधे काहीतरी घालायला हवं होतं. जाऊबाईंनी दान करायला म्हणून ह्यांचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते, ते गाठोडं मी सोडलं. ऑफिसचा पांढरा शर्ट पेटीवर ताणून बसवला. (पाठीची बाजू. पुढे खिसा आहे, आणि खिशावर शाई.) पेटी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवली आणि भर दुपारी, पडदे लावून, फोटो घेतले. डाग गेले, भाऊजी. एकूण एक. मागे दीर्घिका राहिली, लहानशी, तिरकी, पुसट. ह्यांनी जिथे धरली होती तिथेच.

म्हणून रविवारी येऊ नका. आलात तर दार उघडेन, पाणी देईन, खोलीची किल्ली देणार नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गिऱ्हाइकाला नकार.

आपली,
धाकटी

ता.क. जाऊबाईंना सांगा, ओरडल्याचं वाईट वाटतं. पुन्हा फडकं घेऊन आल्या तर पुन्हा ओरडेन आणि पुन्हा वाईट वाटून घेईन.

ता.क. दुसरा. ह्यांचा फोटो पुरा झाला की दुर्बीण देऊन टाकते, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. फोटो पुरा झाला. दुर्बीण देत नाही. त्या दीर्घिकेच्या शेजारी आणखी एक आहे. ह्यांनी ती पुढच्या खेपेला ठेवली होती. आता ती मी घेणार आहे. जमेल की नाही माहीत नाही. ह्यांनाही आधी जमत नव्हतं.

ता.क. तिसरा. दुर्बिणीचा लोखंडी पाया मला एकटीला गच्चीवर नेता येत नाही. तिसऱ्या पायरीवर ठेवून आले आहे आणि शेजारचे त्याला वळसा घालून जातात. तेव्हा रविवारी याच, उन्हं उतरल्यावर. गिऱ्हाइकालाही आणा. दुसऱ्या बाजूनं धरायला माणूस लागतोच.