राघूची भूक

मु. बेलढाणा, ता. धारणी
३ डिसेंबर २०२४

चि. विपुल यास शालूआत्याचे अ. उ. आ.

तुझी शाल पोचली. गरम आहे, पण रंग तुह्या बापासारखाच मातकट पाहून घेतला. शेतात पडली तर ढेकळात सापडाची नाई. फोन काहून नाई करत, असं नको विचारू. इथं फोन लागत नाई हे सांगू सांगू माह्यं तोंड दुखलं. शाळेमागच्या टेकडीवर अगदी टोकाच्या खडकावर उभं राह्यलं तरच टॉवर भेटते, आणि माह्ये गुडघे आता त्या कामाचे राह्यले नाई. म्हणून बसच्या ड्रायव्हरजवळ पत्र देते, थो धारणीले पोस्टात टाकते.

आणि अशा गावात तुमच्या कंपनीचं ऑनलाइन शिक्षण आलं, बाप्पा! सहावी-सातवीच्या सगळ्या पोट्ट्याइले एकेक टॅब भेटला. मास्तर नको, बाई नको, पोरानं आपल्या मनानं शिकावं. मले आनंदच झाला. म्हटलं, भाच्यानं बनवलं आहे तर चांगलंच असंन.

पण त्यात एक राघू आहे. धडा केला की त्याले दाणा भेटते. एक दिवस नाई केला तर मान टाकते, दुसऱ्या दिवशी डोळे मिटते, तिसऱ्या दिवशी उताणा पडते. बरं, दाणा त्याच्या पोटात जाते थो टॉवर भेटल्यावरच. माह्या सहावीच्या वर्गात चंदा नावाची पोरगी आहे. तिची माय लहान्या भावाले घेऊन अकोटले कापसाच्या जिनिंगवर कामाले गेली, चंदा आजीजवळ राह्यते. ही पोट्टी रोज शाळा सुटली की एकटी त्या खडकावर चढते, राघूले चाराले. मी रागावली तर रडाले लागली. म्हणे बाई, मी नाई गेली तर थो मरते.

हे कोण्या येड्या बयताडाच्या डोक्यातून निघालं थे पाह्य आणि त्याले माह्या नावानं दोन शब्द सुनाव. त्या पाखराची भूक काढून टाका, बाकी मंग कसंही शिकवा. तुह्या मायले नमस्कार सांग. लोभ आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
शालूआत्या


अमरावती
१४ डिसेंबर २०२४

ती. शालूआत्यास विपुलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. आत्या, तो बयताड मीच! राघू माझ्याच डोक्यातून निघाला. आता सुनाव दोन शब्द.

तुला नीट समजावून सांगतो. स्वयंशिक्षण म्हणजे मुलाला कोणी ढकलायचं नाही. काय शिकायचं, कधी शिकायचं, किती शिकायचं, सगळं त्यानंच ठरवायचं. पण मुलं दोन दिवस टॅब उघडायची आणि तिसऱ्या दिवशी विसरून जायची. आम्ही सगळे डोकं धरून बसलो होतो. तेव्हा मला नांदगावचा आपला राघू आठवला. शाळेतून आलो की त्याला भिजवलेली डाळ घातल्याशिवाय मी ताटावर बसायचो नाही, आणि तो गेला तेव्हा दोन दिवस जेवलो नाही. तूच मला मांडीवर घेऊन भरवलं होतंस. म्हटलं, मुलाला धड्याची माया नसेल, पाखराची तर असते! अश्विन सर, म्हणजे आमचे मुख्य, टाळ्या वाजवत उठले. राघू आल्यापासून रोज टॅब उघडणाऱ्या मुलांचा आकडा दुपटीच्या वर गेला आहे.

आणि तुझी ती चंदा! आमच्या पडद्यावर सगळ्या मुलांची नावं दिसतात. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत ती पहिली आहे, एकही दिवस चुकलेली नाही. अशी जिद्द शहरातल्या मुलांत सापडत नाही. तू रागावू नकोस, तिची पाठ थोपट. आणि खडक धोक्याचा आहे म्हणतेस तर एखादा फोटो पाठव, सरांना दाखवतो.

आई तुझ्या हातचे सांडगे मागते आहे. माझ्यावरचा लोभ या राघूपायी कमी करू नकोस.

तुझा,
विपुल


बेलढाणा
२९ डिसेंबर २०२४

चि. विपुल यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मले ओकारी आली. सजवून नाई लिहून राह्यली, जेवाले बसली होती. ताट सरकवून दिलं.

तुले मी मांडीवर घेऊन भरवलं थे तू विसरला नाई, याचं मले कौतुक वाटाले पायजे होतं. पण तू त्याचं काय केलं, लेका? लेकराची माया कुठं दुखते थे तुले स्वतःवरून ठाऊक झालं, आणि तू नेमकं तिथंच बोट ठेवून दाबलं. त्याले वरून नाव काय, तर स्वयंशिक्षण! पोराइनं आपल्या मनानं कराव म्हणता आणि त्याइच्या मनालेच गळफास लावता. मले किळस आली तुह्या हुशारीची.

आता तुह्या पहिल्या नंबरचं ऐक. मी चंदाजवळ बसून पाह्यलं थे कोणता धडा करते. एक ते दहा मोजणी. काल थोच, परवा थोच, महिनाभर थोच. काहून, तर थो सगळ्यात लवकर संपते आणि राघूले लवकर दाणा भेटते. सहावीतली पोट्टी एक-दोन-तीन करून राह्यली, आणि तुमी तिकडं पडद्यापुढं टाळ्या पिटून राह्यले! सगळा वर्ग हेच करते. हीच पोरगी दिवाळीच्या आधी प्रश्न विचारू विचारू माह्यं डोकं खाये. मोहाचं फूल रातीच काहून गळते, मुंगी पाण्यात बुडते तर पान काहून नाई बुडत. स्वतःच्या मनानं शिकणं थे होतं, बापा. आता थे एकच विचारते, बाई, सुट्टी कवा?

फोटो मागतला होता, पाठवला आहे. आमच्या पियुष मास्तरानं खालून काढला, धारणीहून छापून आणला. नीट पाह्य. पोट्टी कुठं उभी आहे आणि तिच्या पायाखाली किती खोल आहे थे पाह्य. हा तुह्या सरच्या टेबलावर ठेव आणि म्हण, भूक काढा. मी दुसरं काही मागून नाई राह्यली.

सांडगे देते पाठवून, तुह्या मायसाठी. तुह्यासाठी सध्या काही पाठवावंसं वाटत नाई.

शालूआत्या


अमरावती
२१ जानेवारी २०२५

ती. शालूआत्यास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. अकोल्यात कंपनीनं ठेवलेल्या कार्यक्रमाची धावपळ होती. सांडगे पोचले, आईनं त्यातले मला चारच दिले.

तू फार मनाला लावून घेतलंस. मी फोटो सरांच्या टेबलावर ठेवला, तू सांगितल्याप्रमाणेच. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग म्हणाले की आपण जे वर्षभर लोकांना समजावतो आहोत ते या एका चित्रात आहे. आता रागावू नकोस, पण तो फोटो आम्ही मोठा करून लावला आहे. अमरावतीत चौकात आणि अकोल्यात सभागृहाच्या दारात. खाली लिहिलं आहे, शिकण्यासाठी डोंगर चढणारी चंदा. लोक थांबून बघतात. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः पाहिलं. तुझी हरकत नसेल असं धरून चाललो, फोनवर विचारायची सोय तर नाहीच.

भुकेचा विषय मी काढला होता. सर म्हणाले, भूक काढली तर राघू कशाला हवा? कार्यक्रम झाल्यावर विचार करू म्हणाले. एकाच धड्याचंही सांगितलं. त्यावर ते म्हणाले की उजळणीही शिक्षणच असतं. खडकाच्या कडेला लोखंडी कठडा बांधून द्यायला मात्र कंपनी तयार आहे. त्यावर आमचं नाव टाकावं लागेल, एवढंच.

आत्या, मी इथं एकटाच नाही ग. माझ्या हातात सगळं नाही. तेवढं समजून घे आणि पहिल्यासारखं लिही.

विपुल


बेलढाणा
५ फेब्रुवारी २०२५

विपुल,

आशीर्वाद लिहाले हात उचलत नाई, तरी घे.

चंदा पडली. दोन दिवस तापानं फणफणून होती, आजीनं खाटेवरून उतरू दिलं नाई. तिसऱ्या दिवशी आजी सरपणाले गेली आणि ही उठली. तुह्या राघूचा तिसरा दिवस होता ना. त्याच तापात खडकावर चढली आणि चक्कर येऊन खाली गेली. गुराख्यानं पाह्यलं म्हणून वाचली. मांडीचं हाड मोडलं. धारणीच्या दवाखान्यातून अमरावतीले पाठवलं, मी आणि तिची आजी सोबत होतो. पोट्टी रस्ताभर कण्हत होती, पण पाय दुखते असं एकदाही नाई म्हटलं. राघूचंच विचारे.

अमरावतीत शिरलो तं चौकात थो तुमचा बोर्ड. चंदा गाडीत आडवी आणि चंदा वर उभी, हासून राह्यली! आजीले वाचता येत नाई, तिनं मले विचारलं की हे आपल्या पोरीचं काहून लावलं. काय सांगू मी तिले? तुह्या घरावरून गाडी गेली, मी पाणी प्यालेही थांबली नाई. थुंकावंसं वाटलं त्या बोर्डावर, पण शाळेची बाई आहे ना मी.

तिची माय अकोटहून आली, आता थे आहे जवळ. मले शाळेसाठी परत याव लागलं. अमरावतीतून तुले फोन करता आला असता, पण तुहा आवाज ऐकाची माह्यी इच्छा नव्हती. टॅबची काच तडकली, पण चालू आहे. पोरीनं थो उशाखाली ठेवला आहे आणि उघडून पाहत नाई. मेला असंन, म्हणते.

सरकारी दवाखाना तुह्या ऑफिसपासून पायी जाण्याइतका आहे. कठडा घेऊन नको जाऊ.

शालू


अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसातच उघडलं आणि तिथून उठून थेट जिन्यात जाऊन बसलो. नंतर येऊन कोणाला न विचारता सगळ्या राघूंची भूक काढून टाकली. ते काम माझ्याच हातात होतं, आत्या. पहिल्या दिवसापासून होतं. हातात नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं.

राघूला आता भूक नाही हे मुलांना दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांत निम्म्या मुलांनीही टॅब उघडला नाही. तिसऱ्या दिवशी पडदा जवळजवळ रिकामा होता. कोणीच शिकत नव्हतं, सगळे चारत होते. त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून मला माझीच शिसारी आली. चौकातला बोर्ड मी रात्रीची वाट न पाहता भरदुपारी माणसं लावून उतरवला. अश्विन सरांनी काल बोलावून घेतलं. ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. येत्या सोमवारपासून मी तिथं नाही.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. मी चंदाला भेटलो. तिच्या आईला तुझा भाचा म्हणून ओळख दिली तर तिनं मला बसायला आपली सतरंजी दिली. मला वाटलं, राघू जिवंत दाखवला की पोरगी हसेल. उशाखालचा टॅब काढून उघडला. तडकलेल्या काचेमागं राघू छान उड्या मारत होता. चंदा हसली नाही. तिनं विचारलं की मी इतके दिवस इथं आहे, मग याला चारलं कोणी? मी सांगितलं की आता याला भूक लागतच नाही. तिनं विचार केला आणि विचारलं की मग आधी काहून लागे?

आत्या, तिच्या मायसमोर मले खोटं बोलता नाई आलं. मी सांगतलं की मीच त्याले उपाशी ठेवत होतो, तू रोज याव म्हणून.

ती काही रागावली नाई. टॅब दोन्ही हातानं उचलला, माह्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, मंग आता तुमीच चारा. आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

टॅब माह्या टेबलावर आहे. राघू मजेत आहे, त्याले काई लागत नाई. माह्या मायनं दोनदा जेवाले हाक मारली, पण घास उतरून नाई राह्यला. तू इथं असती तर यावेळी मांडीवर नसतं घेतलं, थे मले ठाऊक आहे.

उद्या पुन्हा जातो तिच्याजवळ. मोहाचं फूल रातीच काहून गळते, थे मले येत नाई. तिलेच विचारीन. आशीर्वाद द्यावा वाटला तरच दे.

तुहा,
विपुल