सुजलेल्या गुडघ्यावरचे डाग

पौष वद्य पंचमी, युसूफ वडगाव

आज पाटलांच्या आईचा गुडघा पाहिला. लाल, टम्म सुजलेला, हात ठेवला तर तव्यासारखा गरम. आणि त्यावर गावच्या डागणाऱ्याने तापल्या विळ्याने तीन डाग दिलेले! आधीच आत आग, त्यावर पुन्हा आग. एवढंही कळू नये? वर मलाच शिकवतो, "वैद्यबुवा, वात हाय, डागल्याबिगर जात न्हाई." सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. गाढव म्हणालो, कसाई म्हणालो. मग बाह्या सारून निर्गुडीचा लेप लावायला वाकलो, तर म्हातारीने माझं मनगट धरलं.

"मंग ह्यो डाग कुणी दिला, बाबा?"

माझ्या वडिलांनी. मनगट सुजलं होतं म्हणून. तेही वैद्यच.

मी बाही खाली ओढली. तो गाढव हसला असता तरी बरं वाटलं असतं.