मागच्या खोलीपर्यंत तार

बाबा, काल शेजारच्या बाईंनी विचारलं, घरून काम करायचंय, तर कॉम्प्युटरला वायफाय बरं की तार? मी म्हटलं, जिथे रोज बसणार तिथे तार ओढून घ्या, फोनला वायफाय पुरे. तारेवर बोलताना मध्येच काही अडत नाही. घरात आल्यावर लक्षात आलं, हे तर तुमचं बोलणं.

तुमची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, जमिनीखालच्या केबली जोडण्यात. आपल्या पनवेलच्या घरात इंटरनेट आलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि वायफाय मागत होते. "हवेत सोडलेलं कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात. "तारेची दोन्ही टोकं आपल्याला माहीत असतात." मग दोन दिवस जमिनीवर बसून तुम्ही हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत तार नेलीत, वीतवीतभर अंतरावर क्लिपा ठोकून, कुठे झोल नाही. इतकं सुबक काम मी पुन्हा पाहिलं नाही. तिचं दुसरं टोक तुमच्या खुर्चीशेजारी होतं. मैत्रिणीशी माझं बोलणं लांबलं की तुम्ही ते काढून ठेवायचात. मला हाक मारायची तुम्हाला गरजच उरली नव्हती.

बंगळूरच्या कंपनीची शेवटची मुलाखत होती. पडद्यावरच्या बाई विचारत होत्या, रुजू कधी होता येईल, आणि त्यांचा चेहरा तिथेच थांबला. मी बाहेर येते. तुम्ही पेपर वाचताय, तारेचं टोक तुमच्या मांडीवर आहे. "पनवेलात नोकऱ्या नाहीत का?" तुम्ही मान वर न करता विचारता. मी म्हणते, "बाबा, पाच मिनिटं द्या फक्त." तुम्ही म्हणता, "चहा टाक." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही घाबरला होतात, हे आज कळतं. तेव्हा कळलं असतं तरी मी माफ केलं नसतं. मग इथेच जवळ, पळस्प्याला एका गोदामाच्या ऑफिसात मी चिकटले ती चिकटलेच.

पुढे तुम्हाला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. तुमचा पलंग मी मागच्या खोलीत हलवला आणि त्याच आठवड्यात वायफाय घेतलं, राउटर माझ्या खोलीत. तुमची तार मी तुमच्यासमोर पकडीने कापून काढली. तुम्ही नुसते बघत होतात. मोऱ्याला राहणाऱ्या आत्याला गुडघ्यांमुळे येता येत नव्हतं, म्हणून रविवारी मी जुना लॅपटॉप तुमच्यापुढे ठेवायची आणि ती सुनेच्या फोनवरून बोलायची. मधल्या दोन भिंतींमुळे चित्र सारखं गोठायचं. "दादा, तोंड उघडलेलं दिसतंय, पन आवाज येत नाय," ती म्हणायची. एका रविवारी तुम्ही उजव्या हाताने माझी ओढणी धरलीत आणि जड जिभेने म्हणालात, "तार ओढ. इथपर्यंत."

"आता तार कोणी वापरत नाही, बाबा," मी म्हणाले आणि ओढणी सोडवून घेतली.

तेवढंच तुम्ही मागितलंत. परत मागितलं नाहीत. चार रविवार तसेच गेले आणि पाचव्याच्या आधी तुम्ही गेलात. तेराव्याला आत्याला रिक्षातून आणलं. माझा हात धरून ती म्हणाली, "शेवटी काय तरी सांगत होता तो मला. कललाच नाय." मी म्हणाले, "तुझी तब्येत विचारत होते." ती रडली, आणि मी तिला पाणी दिलं.

आत्या अजून आहे. हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं, पण तिला मी लिहिणार नाही. आणि हा कागदही या घराबाहेर जाणार नाही. तुम्ही तार मागितलीत त्याच संध्याकाळी, तुम्ही झोपलेले असताना, मी राउटर मागच्या खोलीच्या दारात लावून पाहिला होता. लॅपटॉपवर चित्र एकदम स्वच्छ आलं. मग तो उचलून मी परत माझ्या खोलीत नेला.