इंग्लंडातली माझी कंपनी

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आज इंग्लंडात माझ्या नावाने ऑनलाइन कंपनी नोंदवली. मुलगा प्रकाश अमरावतीला सरकारी नोकरीत, त्याला धंदा करता येत नाही, म्हणून मालकीण मी. ओळख तपासायला व्हिडिओवर आलेल्या तिकडच्या बाईने विचारले, कुणाच्या सांगण्यावरून करताय का? मी ठणकावून 'नो' म्हटले. प्रकाश फोनमागे उभा होता.

नंतर मी प्रकाशला विचारले, "कंपनी करते काय, बापा?"

"तुले काय करा लागते, आई? मालकीण झाली, मजेत राह्य."

आणि अमरावतीला निघूनही गेला.

त्याचा प्लॉट माझ्याच नावावर आहे, त्याची कधी भीती वाटली नाही. पण तिकडून विचारणा आली तर जबाब मीच देणार. ते 'नो' इतके सहज कसे निघाले?

उद्या अमरावतीला जाऊन त्याला समोर बसवते. उडवाउडवी केली तर रागावता येईल. खरे सांगितले तर?